परतीचं भांडं

आमच्या सोसायटीत कुणालाही फॉर्म भरायचा असला की तो माझ्याकडे येतो. पनवेलच्या एका कॉलेजच्या ऑफिसात मी सत्तावीस वर्षं काढली, आणि त्यातून माझ्या पदरात दोनच गोष्टी पडल्या. एक पाठदुखी आणि दुसरं अर्जाचं इंग्रजी. माझं बोलण्यातलं इंग्रजी ऐकून माझी मुलगी उठून दुसऱ्या खोलीत जाते. पण लिहायला बसलो की 'विथ ड्यू रिस्पेक्ट अँड हम्बल सबमिशन'ला जी गाडी सुटते, ती खाली सहीपर्यंत मधे कुठेही थांबत नाही. लोक खूश होऊन जातात. काही जण पेढेही आणून देतात.

वैजू घरतसाठी मी असे तीन मसुदे लिहिले. तिने तिन्ही नीट वाचले, "काका, किती छान लिहिता," असं म्हणाली आणि एकही वापरला नाही. माझ्या कारकिर्दीत असा अपमान दुसऱ्या कुणी केलेला नाही. आणि माझ्या कारकिर्दीत मला नीट आठवणारं माणूसही बहुधा तेवढंच आहे.

घरत मंडळी गव्हाणची. वैजूचे वडील दामूशेठ यांनी अर्धं आयुष्य मिठागरात काढलं. मिठागर गेलं, जमिनीला भाव आला, आणि एका दसऱ्याला ते आमच्या डोक्यावरच्या फ्लॅटमध्ये राहायला आले. फ्लॅटमध्ये ते पाहुण्यासारखे वावरायचे. लिफ्टचं बटण दाबायचे, वाट पाहायचे नाहीत, जिन्याने उतरायचे आणि लिफ्टच्या आधी खाली पोहोचलो म्हणून वॉचमनला विजयी मुद्रेने सांगायचे, "बगितलंस? मशिनीपेक्षा मी बरा हाय."

नवे शेजारी आले म्हणून बायकोने वर अळूवड्या पाठवल्या. दुसऱ्या दिवशी डबा परत आला. दारात वैजू. तेव्हा वीस-एकवीस वर्षांची असेल. लांब वेणी, चेहऱ्यावर समोरच्याचं बोलणं संपेपर्यंत थांबायची सवय. बायकोने कौतुकाने झाकण उघडलं. आत सुके बोंबील.

आता आमच्या घरात अंडंसुद्धा येतं ते मी बाहेर खाल्लेलं, माझ्या पोटातून, आणि पोटातच राहतं, डब्यातून कधी येत नाही. बायको डबा हातभर लांब धरून उभी राहिली. मी पुढे झालो आणि म्हणालो, "आण इकडे, मी लावतो विल्हेवाट." ती कशी लावली ते इथे लिहीत नाही, कारण हे बायको वाचणार आहे.

वैजूच्या मात्र लक्षात आलं. संध्याकाळी ती परत आली. "काकू, तुमी खात नाय हे सांगायचं ना! आता तो डबा हिशेबात धरू नका. परत द्या, दुसरा भरून देते."

"अगं, राहू दे. रिकामा दिलास तरी चालेल."

"रिकामं भांडं परत द्यायचं नसतं काकू," ती म्हणाली. जिना चढताना डाव्या बाजूने चालायचं असतं, हे सांगावं तशा आवाजात.

ही रीत आपल्याकडे सगळ्यांनाच ठाऊक आहे. आपण ती सणासुदीला पाळतो आणि एरवी विसरतो. वैजूला विसरायची सोय नव्हती. तिच्या पणजोबांच्या काळी गव्हाणची माणसं बैलगाडीत मीठ घालून वर घाटाकडच्या गावांत जात आणि गाडीभर भात घेऊन येत. गाडी जाताना भरलेली आणि येतानाही भरलेली. "रिकामी गाडी हाकनारा म्हंजे एक त चोर, न्हाय त भिकारी," दामूशेठ सांगायचे. वैजूने ते भांड्यांवरून सगळ्याच गोष्टींवर नेलं होतं. तिने माझ्याकडून एकदा स्टेपलर नेला. त्यात दोनच पिना उरल्या होत्या. परत आला तो पिनांनी गच्च भरून. बायकोकडून छत्री नेली, ती मोडकी काडी शिवून आणली. एकदा मी थट्टेने विचारलं, "वैजू, घरात द्यायला काहीच नसलं तर गं?"

"घरात मीठ नाय असं कधी होतं का काका?"

हॉटेल मॅनेजमेंटच्या शेवटच्या वर्षाला असताना ती एक कागद घेऊन आली. अमेरिकेतल्या एका मोठ्या थीम पार्कमध्ये एका वर्षासाठी मुलं घेणार होते. कार्यक्रमाचं नाव 'कल्चरल एक्स्चेंज'. राहायची सोय, पगार, गणवेश, आणि वर्ष संपलं की परत.

दामूशेठनी कागद उलटा धरून बराच वेळ पाहिला. "पार्क म्हंजे?"

"बाबा, पाळणे असतात, झुकझुक गाडी असते, घोडे असतात गोल फिरणारे..."

"जत्राच की! जत्रंत पाळनं फिरवाया अमेरिकेला जातीस? गावच्या जत्रंत काय पाळनं नाय?"

तीन दिवस वरच्या मजल्यावर भांडी जोरात आपटत होती. चौथ्या दिवशी दामूशेठ आमच्याकडे येऊन खुर्चीच्या टोकावर बसले. "सायेब, पोरगी ऐकत नाय. मंग मी बोललो, जा. पन वर्स पुरं करून ये. अर्ध्यातनं परत आलीस, तर मी बोलंन तिथं लगीन करायचं. तिथं तोंड वर करायचं नाय." दाराबाहेर वैजू उभी होती. ती म्हणाली, "कबूल."

दामूशेठ तोंडचा शब्द फिरवणारे नव्हते, हे सगळ्या जिन्याला माहीत होतं. त्यांनी मनात धरलेला मुलगाही जिन्याला माहीत होता. त्याची जेसीबी यंत्रं होती, आणि त्यांच्याबद्दल तो ज्या प्रेमाने बोलायचा ते पाहून वैजू वर्षाची अट कबूल करायला का तयार झाली, हे कुणाला विचारावं लागलं नाही.

मुलाखतीसाठी मी पहिला मसुदा लिहिला. विविधतेतील एकता, अतिथी देवो भव, प्राचीन संस्कृती, योग. दीड पान. वैजूने तो पाठ केला. दामूशेठच्या सांगण्यावरून मी तिच्यासोबत मुंबईला त्या हॉटेलपर्यंत गेलो आणि लॉबीत बसून एक कॉफी तासभर पुरवली. ती वीस मिनिटांत बाहेर आली.

"म्हटलंस सगळं?"

"नाय काका. त्यांनी विचारलं, एक्स्चेंज म्हणजे तुला काय वाटतं? मी सांगितलं, तुमचा डबा माझ्या घरी आला तर तो रिकामा परत येणार नाही."

"बस? एवढंच?"

"मग त्या बाई हसल्या आणि त्यांनी विचारलं, डब्यात काय असतं?"

"बोंबील सांगितलंस की काय?"

"सांगितले ना," वैजू म्हणाली. तिची निवड झाली.

तिथे गेल्यावर तिच्या लक्षात आलं की तिने 'एक्स्चेंज' हा शब्द जितका खरा धरला होता, तितका तो बाकी कुणीच धरला नव्हता. तिला वाटलं होतं, आपण काहीतरी शिकवायचं, काहीतरी शिकायचं. दिलं ते काम वेगळंच. एका उंच झोपाळ्याच्या रांगेपाशी रंगीत काठी घेऊन उभं राहायचं. ज्या मुलाचं डोकं काठीच्या खुणेला लागत नाही, त्याला हसून "सॉरी" म्हणायचं. दिवसभर. तिच्यासोबतच्या इतर देशांतल्या मुलांनी हे काम म्हणून घेतलं. वैजूला ते पहिल्याच आठवड्यात जड गेलं. व्हिडिओ कॉलवर तिने बायकोला सांगितलं, "काकू, दोन बोटं कमी भरलेला पोरगा तासभर रांगेत थांबून आलेला असतो. त्याला मी हात हलवत परत पाठवते. रिकामाच."

मग तिने काय केलं? रांगेच्या कडेला खडूने चौकोन आखले आणि नापास झालेल्या पोरांना लंगडी शिकवली. एका पायावर कोपऱ्यापर्यंत जाऊन येईल त्याला सगळ्या रांगेने टाळ्या द्यायच्या. काही दिवसांनी उंचीत पास झालेली पोरंही झोपाळ्याआधी लंगडीला जायला लागली. वरिष्ठांनी आधी भुवया उंचावल्या, मग चौकोन पक्क्या रंगाने आखून दिले. त्याचा फोटो दामूशेठ लिफ्टमध्ये भेटेल त्याला दाखवत. तो दाखवता यावा म्हणून ते आता लिफ्टने येऊ-जाऊ लागले होते.

त्या रांगेसमोर एक बाक होता आणि त्यावर जवळजवळ रोज एक म्हातारी येऊन बसायची. तिचं नाव हेलन. पूर्वी नवऱ्यासोबत यायची, आता एकटी. तिच्याकडे वर्षभराचा पास होता, पण ती कशातच बसायची नाही. पोरांची लंगडी बघायची. सुट्टीच्या दहा मिनिटांत वैजू तिच्याशी बोलायची. हेलनबाई तिला रोज एक इंग्रजी शब्द द्यायची, वैजू एक मराठी परत करायची. बाईला 'बरं' फार आवडला. कशालाही 'बरं' म्हणायची. वैजू सांगायची, "काकू, आपल्या बायकांसारखंच म्हणते. अर्धं हो, अर्धं बघू."

एके दिवशी हेलनबाईने घरी केलेला संत्र्याचा मुरंबा बरणीत घालून आणला. पाहुण्यांकडून काही घ्यायचं नाही आणि त्यांना काही द्यायचं नाही, असा तिथे नियम. वैजूला तो माहीत होता. तिने बरणी घेतली. "काकू, दोन बसेस बदलून आली होती ती. नाही कसं म्हणायचं?" मुरंबा सगळ्या मुलींनी मिळून संपवला. राहिली बरणी.

चार महिने झाले होते. आईने दिलेली लोणची संपली होती, पापड संपले होते. बॅगेच्या तळाशी एक पुरचुंडी होती. दृष्ट काढायला म्हणून आईने बांधून दिलेलं मीठ. जाड, करड्या रंगाचं, दामूशेठच्या मिठागरातलं शेवटचं. वैजूने ते बरणीत भरलं आणि दुसऱ्या दिवशी खिशातून काढून हेलनबाईच्या हातात दिलं.

कुणीतरी पाहिलं. आता विचार करा. गणवेशातली परदेशी मुलगी, खिशातून काढलेली काचेची बरणी, आत खडे खडे, आणि ती घेऊन पर्समध्ये टाकणारी म्हातारी. पाच मिनिटांत सुरक्षावाले आले. बरणी गेली तपासायला. ती तासाभरात मीठच निघाली. पण तो तासभर बाकाभोवती माणसं उभी होती, आणि त्या माणसांसमोर त्यांनी हेलनबाईची पर्स बाकावर उपडी केली. औषधाच्या गोळ्या, बसचं तिकीट, कंगवा, नवऱ्याचा फोटो. वैजूला दहा पावलांवर थांबवून ठेवलं होतं. "काकू, ती एकेक वस्तू हाताने झाकत होती. दोनच हात. झाकणार तरी काय काय?"

बाईला फाटकापर्यंत पोहोचवलं. वैजूच्या हाती एक कागद दिला. छापील. 'मी केलेलं कृत्य चुकीचं होतं हे मला समजलं आहे, मला त्याचा खेद आहे, पुन्हा असं होणार नाही.' दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत सही. नाहीतर कार्यक्रम रद्द आणि परतीचं तिकीट.

तिचा फोन आला तेव्हा मी डबा हातात घेऊन कॉलेजला निघालो होतो. चप्पल एका पायात. तिने सगळं सांगितलं आणि तो कागद पाठवला. मी वाचला आणि मला हायसं वाटलं. एवढंच ना! असे कागद मी डोळे मिटून लिहितो.

"वैजू, सही कर. सही काय खाते? आणि थांब, सोबत जोडायला मी एक चांगला मसुदा देतो." तसाच चप्पल घातलेला पाय दाराबाहेर ठेवून मी दुसरा मसुदा लिहिला. 'अनवधानाने', 'अज्ञानवश', 'सहानुभूतिपूर्वक विचार व्हावा', सगळं इंग्रजीत घातलं.

तो तिला पाठवला. तिने शेवटपर्यंत वाचला. तिची ती समोरच्याचं संपेपर्यंत थांबायची सवय.

"काका, नियम मोडला असं मी लिहिते. मला माहीत होता. पण चूक झाली असं नाय लिहिणार."

"अगं, फरक काय त्यात?"

"चूक झाली म्हटलं तर बरणी चुकीची, मुरंबा चुकीचा, ती बाई चुकीची. तिची पर्स उपडी केली ते मग बरोबर."

"वैजू, हे कोण बघतंय तिथे? शब्द आहे एक. अर्ध्यात परत आलीस तर दामूशेठ काय करतील ठाऊक आहे ना तुला?"

"ठाऊक हाय." ती घाबरली की तिच्या बोलण्यात गव्हाण यायचं. "पन काका, मी सही केली तर मी तिला परत भेटून काय सांगू?"

मी फोन ठेवला. कॉलेजात पोहोचायला उशीर झाला, म्हणून हजेरीपुस्तकाशेजारच्या वहीत लिहिलं, 'अनवधानाने विलंब झाला, दिलगीर आहे', आणि सही ठोकली. हात आपोआप चालला. सत्तावीस वर्षांत मी किती कागदांवर खेद व्यक्त केला असेल! साहेबांनी हरवलेल्या फाइलींबद्दल केला, दुसऱ्याच्या बेरजेबद्दल केला, एकदा तर मी रजेवर असताना फुटलेल्या पाण्याच्या टाकीबद्दल केला. माझा खेद म्हणजे चव गेलेलं मीठ झालाय.

वैजूने काय केलं, तर छापील कागदावर 'चुकीचं' या शब्दावर रेघ मारून वर 'नियमाविरुद्ध' असं लिहिलं. खेदाच्या वाक्यापुढे लिहिलं, 'हेलन यांना झालेल्या त्रासाबद्दल.' आणि सही केली. वरिष्ठांनी तो कागद दोन दिवस स्वतःकडे ठेवून घेतला. ते दोन दिवस तिची बॅग भरलेली होती, आणि आमच्या जिन्यात फक्त मला आणि बायकोला ते माहीत होतं. दामूशेठ रोज लिफ्टमध्ये लंगडीचा फोटो दाखवत होते आणि मी मान डोलावत होतो.

तिला ठेवून घेतलं. पण रांगेवरून काढलं आणि मागच्या बाजूला, जमिनीखालच्या धुलाईघरात पाठवलं. पार्कमध्ये ससा-अस्वल बनून फिरणाऱ्या सगळ्या सोंगांचे कपडे तिथे धुतले जात. पाहुणे नाहीत, पोरं नाहीत. उरलेले आठ महिने तिने तिथे काढले. एकदाही तक्रार नाही. सुट्टीच्या दिवशी मात्र ती साध्या कपड्यांत पार्कमध्ये जायची आणि त्या बाकावर बसायची. हेलनबाई परत कधी आली नाही. निरोप द्यायची सोय नव्हती. वर्ष संपलं.

गव्हाणात सत्काराचा फ्लेक्स लागला. वैजूचा फोटो, मागे विमान, आणि खाली 'अमेरिका रिटर्न, गावाची शान'. मी तिसरा मसुदा लिहिला, या वेळी मराठीत, त्यामुळे मला खात्री होती. वैजू माइकसमोर उभी राहिली, माझा कागद घडी करून मुठीत धरला आणि म्हणाली, "चार महिने मी पोरांची उंची मोजली. आठ महिने कपडे धुतले. शिक्षा म्हणून. कशाची ते सांगते." आणि सांगितलं.

मंडपात कुजबुज झाली. मागून कुणीतरी बोललंच, "कपडं धुवाया अमेरिका कशाला पायजे?" दामूशेठ पहिल्या रांगेत हार घालून बसले होते. मला वाटलं, आता हार काढून निघून जाणार. ते उठले, मागे वळले.

"कपडं धुतलं त काय झालं? मी मिठागरात काय अत्तर वाहत व्हतो?"

मग खाली बसले. थोड्या वेळाने शेजारी बसलेल्या मला हळूच म्हणाले, "सायेब, तुमाला हे आदीपासून ठावं व्हतं ना?" मी मान खाली घातली. "बरं केलंत, बोलला नाय. मी तवाच परत बोलावली असती." जेसीबीवाल्याचा विषय त्यानंतर त्या घरात निघाला नाही.

आता ती पनवेलला नसते. दक्षिणेत एका विमानतळावर आहे, व्हीलचेअरवरच्या प्रवाशांचं सगळं ती बघते, असं दामूशेठ सांगतात. तिला मी शेवटचं नीट पाहिलं ते ती तिथे जाण्याच्या वर्षभर आधी, स्टेशनजवळच्या झेरॉक्सच्या दुकानात. एका नोकरीचा फॉर्म भरायचा होता. बाकी सगळे रकाने झाले आणि शेवटून दुसऱ्यावर गाडी अडली. 'आपल्यावर यापूर्वी कोणत्याही संस्थेत शिस्तभंगाची कारवाई झाली आहे काय? असल्यास तपशील द्या.'

"नाही लिही," मी म्हणालो. "परदेशातलं कोण तपासतंय? नाहीतर कोरा ठेव. कोऱ्या रकान्याने आजवर कुणाचं वाईट झालं नाही."

मागे माणसं उभी होती. दुकानदार म्हणाला, "ताई, लवकर करा, लाइट जाईल."

वैजूने 'होय' लिहिलं. मग तपशिलाच्या रकान्याकडे पाहिलं. जेमतेम दोन ओळींचा.

"दादा, कोरा कागद आहे? एक पुरवणी जोडायची आहे."

"नोकरीच्या फॉर्मला पुरवणी?" दुकानदार माझ्याकडे पाहायला लागला. मी खांदे उडवले. माझ्या खिशात पेन होतं, तोंडावर तयार वाक्यं होती. पहिल्यांदाच मी ती आतच ठेवली.

तिने मशिनच्या झाकणावर कागद ठेवला आणि उभ्याउभ्या लिहायला लागली. दुकानदाराने दुसऱ्याच कुणाच्या आधार कार्डासाठी बटण दाबलं. तिच्या कोपराखालून हिरवा उजेड सरकत गेला, परत आला. मी मान वाकडी करून पहिली ओळ वाचली. तिने इंग्रजीत, सरळ, एकेक अक्षर सुटं काढून लिहिलं होतं, 'सर्वप्रथम, हेलन नावाच्या बाईंची यात काहीही चूक नव्हती.'

ते नोकरी देणारे हेलनला ओळखत नव्हते. कधी ओळखणारही नव्हते. मागचा माणूस म्हणाला, "ओ काका, किती वेळ?" मी म्हणालो, "थांबा जरा." वैजूने पान उलटलं आणि मागच्या बाजूला लिहायला सुरुवात केली.